मीडियाच्या डिग्रीसाठी पर्सनल स्टेटमेंट: आपल्याकडच्या पोट्ट्यापोट्टींचे नेहमीचे प्रश्न

दिवाळी झाली, कापसाचा पहिला वेचा घरात आला की माझ्या फोनवर एकाच टाइपचे मेसेज सुरू होतात. ताई स्टेटमेंट काय असते, ताई तुमचं पाठवा ना, ताई हे वाचून सांगा उद्या लास्ट डेट आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, बाबा कापसाच्या जिनात कामाला होते, बारावी तालुक्याला केली, पुढं मीडियात एमए करायला बाहेर गेली आणि आता नागपुरात व्हिडिओचं काम करते. पहिल्या वर्षी माझं स्टेटमेंट सगळीकडून परत आलं होतं, त्याची गोष्ट खाली येईलच. तेव्हापासून सुट्टीत गावी आली की तालुक्याच्या अभ्यासिकेत बसून पोरापोरींची स्टेटमेंटं वाचते. तेच तेच प्रश्न असतात म्हणून एका जागी लिहून ठेवते, म्हणजे रात्री अकरा वाजता व्हॉइस नोट करायची पाळी येणार नाही.

ताई, हे पर्सनल स्टेटमेंट म्हणजे बायोडाटाच ना?

नाही. स्टेटमेंट म्हणजे कॉलेजच्या अर्जासोबत स्वतःबद्दल लिहून द्यायचा छोटा निबंध. बायोडाट्यात तुम्ही काय काय केलं ते असते, मार्क तर त्यांच्याकडे आधीच गेलेले असतात. स्टेटमेंट वाचणाऱ्याला एवढंच बघायचं असते की हा पोरगा, ही पोरगी एखाद्या गोष्टीकडे बघते कशी, अन् बघून झाल्यावर तिच्या डोक्यात काही प्रश्न पडते का नाही. मीडियाच्या कोर्सला तर हे डबल लागू, कारण तिथं तीन वर्षं तुम्हाला बघायलाच शिकवणार आहेत.

सर्टिफिकेटची यादी टाकायची नाही. तालुकास्तरीय वक्तृत्व स्पर्धा, द्वितीय क्रमांक, एनएसएस कॅम्प, रक्तदान... हे वाचून कोणाचं काही हलत नाही.

सगळ्याच कॉलेजांना लागते का?

नाही ना. आपल्या इकडच्या बहुतेक सरकारी कॉलेजांत ॲडमिशन मार्कांवर किंवा एंट्रन्सवर होते. सेंट्रल युनिव्हर्सिट्यांना २०२२ पासून ग्रॅज्युएशनसाठी सीयूईटी ही सामाईक एंट्रन्स आहे. घराजवळच शिकायचं असंल तर वर्ध्याला हिंदी विद्यापीठात जनसंचार आहे, अमरावतीला २०११ पासून आयआयएमसीचं (भारतीय जनसंचार संस्थेचं) केंद्र आहे, नागपूर विद्यापीठाचा मास कम्युनिकेशन विभाग आहे. स्टेटमेंट मागतात त्या मुख्यतः बाहेरदेशातल्या आणि आपल्याकडच्या बऱ्याच खासगी युनिव्हर्सिट्या, एमएला तर जास्तच. पण एक सांगते, जिथं लिहून मागत नाहीत तिथं इंटरव्ह्यूमधे तोंडी तेच विचारतात, 'मीडियातच काहून यायचं आहे?' तेव्हा लिहिलेलं वाया जात नाही.

युकेच्या फॉर्ममधे तीन डबे आले म्हणे? माझ्या मामेभावाचं तर एकच लांबलचक होतं.

बरोबर ऐकलं. युकेत बारावीनंतरच्या डिग्रीसाठी जवळपास सगळे अर्ज यूकॅस नावाच्या एकाच साइटवरून जातात. आधी एकच सलग निबंध असायचा, २०२६ च्या प्रवेशापासून त्याचे तीन प्रश्न केले. पहिला, हा विषय तुम्हाला का शिकायचा आहे. दुसरा, आतापर्यंतच्या शिक्षणानं त्याची तयारी कशी झाली. तिसरा, शिक्षणाच्या बाहेर तुम्ही काय केलं आणि ते कसं कामी येईल. तिन्ही मिळून ४,००० कॅरॅक्टर, त्यात स्पेस पण मोजतात, आणि एकेका उत्तरात कमीत कमी ३५० पाहिजेच. इंग्रजीत हे साधारण सहाशे-साडेसहाशे शब्द होतात, म्हणजे दोन पानं पण नाही.

मामेभावाचं जुनं स्टेटमेंट तीन तुकडे करून चिकटवू नका, एका पोट्ट्यानं केलं होतं तसं, त्याच्या तिसऱ्या डब्याची सुरुवात 'म्हणूनच' या शब्दानं झाली होती.

आपल्या पोरांचा जोर बहुतेक तिसऱ्या डब्यात असते, कारण शाळेत मीडिया नावाचा विषयच नसते. तरी दुसऱ्यात लिहायला असते. मराठीच्या पेपरात बातमी लिहा, मुलाखत घ्या हे प्रश्न येतात की नाही? इतिहासात एकाच घटनेची दोन साधनं दोन गोष्टी सांगतात हे शिकलात की नाही? जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला दिसते तेच काढायचं, पुस्तकातली आकृती उतरवायची नाही, म्हणून बाई ओरडल्या होत्या ना? ते लिहा.

अमेरिकेचं वेगळं आहे हं. तिथं कॉमन ॲप नावाचा बऱ्याच कॉलेजांचा एकच फॉर्म असते, त्यातला निबंध २५० ते ६५० शब्दांचा, आणि तो माणूस म्हणून तुमच्याबद्दल असते, विषयाबद्दल असलाच पाहिजे असं नाही. युकेवाल्यांना विषयच पाहिजे. एकाचं दुसऱ्याला पाठवू नका.

सुरुवात कशी करू? पहिली ओळच सुचत नाही.

मग पहिली ओळ शेवटी लिहा. खरंच. मधून सुरू करा.

काय लिहायचं नाही ते सांगते. 'मीडिया हा लोकशाहीचा चौथा स्तंभ आहे.' 'आजच्या डिजिटल युगात...' 'लहानपणापासूनच मला...' यातली एक तरी ओळ मी वाचलेल्या दर दुसऱ्या स्टेटमेंटमधे होती. आणि पत्रकारितेवाले पोट्टे हमखास बाळशास्त्री जांभेकरांपासून धरतात. ६ जानेवारी १८३२ ला त्यांनी दर्पण काढलं हे खरं आहे, मोठं काम आहे, पण त्या वाक्यात तुम्ही कुठं आहात? इतिहासच टाकायचा तर स्वतःच्या पायाखालचा तरी टाका. आपल्या यवतमाळातूनच १९१८ साली बापूजी अण्यांनी लोकमत नावाचं साप्ताहिक सुरू केलं होतं, हे माझ्या कॉलेजात अर्ध्या पोरांना माहीत नव्हतं.

नेटवरची भारी सुरुवात उचलायची तर त्याआधी पायजम्याची गोष्ट ऐका. २००७ मधे यूकॅसवाल्यांनी हजारो स्टेटमेंटं कॉम्प्युटरवर एकमेकांशी ताडून पाहिली, तर २३४ जणांनी लिहिलं होतं की आठ वर्षांचा असताना मी केमिकलच्या प्रयोगात माझ्या पायजम्याला भोक पाडलं अन् तिथून मला विज्ञानाची गोडी लागली. २३४ पायजमे! एका साइटवर नमुना म्हणून ठेवला होता, सगळ्यांनी उचलला. तेव्हापासून दरेक स्टेटमेंट त्या मशिनीतून जाते.

पण आमच्या गावात मीडियाचं काहीच नाही ताई. पेपर पण दुपारी येते. मी लिहू काय?

हाच खरा प्रश्न आहे, बाकीचे सगळे याच्याच पोटातले.

आधी मी काय घोळ केला ते सांगते. माझं पहिलं स्टेटमेंट होतं की मी शेतमजुराच्या घरातली, विदर्भाच्या दुःखाला मला आवाज द्यायचा आहे, ज्यांना आवाज नाही त्यांचा आवाज बनायचं आहे. बाबा जिनात, आई दुसऱ्याच्या वावरात, हे खोटं नव्हतं. पण वाचणाऱ्यानं त्यात काय पाहावं? असं वाक्य कोणीही लिहू शकते, मुंबईत बसून पण. चार ठिकाणी पाठवलं, चारही ठिकाणून सॉरी.

दुसऱ्या वर्षी मी एकच गोष्ट लिहिली. २०१७ चा हंगाम तुम्हाला आठवत असंल, गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटी खाल्ली, त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. गावोगाव कॅमेऱ्याच्या गाड्या फिरत होत्या. एक आमच्या काकाच्या वावरात आली. काका तेव्हा अंगठ्याच्या नखानं बोंड फोडून आतली अळी दाखवत होता आणि बियाण्याच्या पाकिटावर काय लिहिलं होतं अन् निघालं काय हे तावातावानं सांगून राहिला होता. फोटोवाला म्हणाला, काका, जरा बांधावर बसता का. बस एवढंच म्हणाला. काका बसला, अन् स्वतःहून डोक्याला हात लावला. कोणी सांगितलं नव्हतं. हात कसा लावायचा, नजर कुठं ठेवायची, सगळं त्याला पाठ होतं, कारण तसला फोटो त्यानं पेपरात शंभर वेळा पाहिला होता. दुसऱ्या दिवशी तोच फोटो छापून आला. बोंड नाही, अळी नाही, पाकिटाबद्दल तो जे बोलला ते तर कुठंच नाही.

मी लिहिलं की माझ्या काकानं स्वतःचाच फोटो कुठून शिकला हे मला शिकायचं आहे. खाली मी त्या हंगामातले पेपर काढून त्यातले शेतकऱ्यांचे फोटो मोजले ते लिहिलं, किती जण बोलताना दिसतात, किती नुसते बसलेले. ग्रंथालयात तीन दुपारी गेल्या त्यात, धूळ खाऊन खोकला झाला. त्या स्टेटमेंटवर मला इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं आणि जवळपास पूर्ण वेळ त्या बाईनं काकाबद्दलच विचारलं.

तर तुमच्या गावात काय आहे ते बघा. ग्रामपंचायतचा भोंगा आहे, त्यावर कोणाचं मयत सांगतात अन् कोणाचं सांगत नाहीत? कापसाच्या भावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यात सकाळी भाव पहिले कोण टाकते, व्यापारी का शेतकरी, आणि तो भाव ऐकून कोणी त्या दिवशी गाडी भरायची थांबते का? चौकातले फ्लेक्स कोणाच्या पैशानं लागतात? गडचिरोली-चंद्रपूरकडचे असाल तर झाडीपट्टीची नाटकं आहेत, दिवाळीनंतर वडसा भागात रात्र रात्र चालतात, गाडीवर लाउडस्पीकर लावून त्याची जाहिरात कशी होते, बायाबापड्या थंडीत कांबळं घेऊन सकाळपर्यंत का बसतात, हे सगळं मीडियाच आहे. असलं मटेरियल शहरातल्या पोरांकडे नाही. पण 'आमच्याकडे झाडीपट्टीची समृद्ध परंपरा आहे' एवढं लिहून सोडलं तर ते पण पायजम्यासारखंच. एक रात्र जाऊन बसा, काय पाहिलं ते लिहा.

थिअरी टाकायची का? नावं टाकली की इम्प्रेशन पडते म्हणतात.

वाचली असंल तर टाका, एखादी. मॅककॉम्ब्स आणि शॉ या दोन संशोधकांचं १९७२ चं अजेंडा सेटिंगचं म्हणणं समजायला सोपं आहे, की पेपर तुम्हाला काय मत बनवायचं ते सांगू शकत नसंल पण कशाबद्दल मत बनवायचं ते ठरवते. स्टुअर्ट हॉल या अभ्यासकानं १९७३ मधे मांडलं की बनवणारा एक अर्थ भरते आणि बघणारा तोच अर्थ काढंल असं नाही. आता हे तुमच्या आजीला लावून बघा. ती सिरीयल बघताना सासूच्या बाजूनं बोलते का सुनेच्या? सिरीयलवाल्यानं तर सून हिरोईन ठेवली होती. बस, हॉल तिथंच आहे, आजीच्या खाटेवर.

नाव टाकून पुढं काहीच नाही असं नको. पत्रकार पी. साईनाथांचं नाव तर आपल्याकडची सगळीच पोरं टाकतात, विदर्भावर त्यांनी लिहिलं, २००७ ला मॅगसेसे मिळाला, सगळं ठीक, पण विचारलं की काय वाचलं तर गप. त्यांनी २०१४ मधे सुरू केलेली 'परी' ही साइट मराठीतून पण आहे, फुकट आहे. एक स्टोरी नीट वाचा, त्यात तुम्हाला काय खटकलं ते लिहा. हो, खटकलेलं पण चालते, उलट जास्त चालते.

मी लग्नाचं शूटिंग करतो, दोन सीझन झाले. हे लिहिलं तर हसतील का?

भाऊ, हसणार नाहीत, तुझ्याकडे सोनं आहे. पण 'मी इव्हेंट व्हिडिओग्राफी क्षेत्रात कार्यरत आहे' असं लिहिलं तर मीच हसीन.

एक पोरगा आला होता, तालुक्याच्या स्टुडिओत काम करायचा, दिवसा शूटिंग, रात्री एडियस सॉफ्टवेअरवर कटिंग, मधे करिझ्मा अल्बमची पानं लावणं. त्याच्या स्टेटमेंटमधे सगळी कॅमेऱ्याची नावं होती. ड्रोन, गिंबल, लेन्स. मी म्हटलं हे सोड, कटिंग करताना कधी हात थांबला का तुझा? बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, एकदा हळदीच्या फुटेजमधे नवरीची काकू होती, विधवा, मागं उभी राहून टाळ्या वाजवत होती, पार्टीनं सांगितलं ती फ्रेम काढून टाका. मी काढली. पैसे त्यांचे होते. पण त्या काकूनंच नवरीला लहानाचं मोठं केलं होतं, गावाला माहीत होतं.

त्यानं ते लिहिलं, काढली हे पण लिहिलं, स्वतःला हिरो नाही केलं. कॅमेऱ्याची नावं एका ओळीत बसवली. मी त्याच्यात एक कॉमा पण बदलला नाही.

माझ्या वडिलांनी आत्महत्या केली. सर म्हणतात हे लिही, नक्की घेतील. लिहू का?

तुझी इच्छा असंल तरच. सरांची, माझी, कोणाचीच नाही.

हे नीट सांगते कारण हा मेसेज मला एकदा नाही, तीनदा आला आहे. घरातलं मरण हे ॲडमिशनचं तिकीट नाही आणि वाचणारे पण त्याला तिकीट समजत नाहीत, उलट त्यांना कळत नाही की यावर मार्क कसे द्यायचे. जर त्या घटनेमुळं तू मीडियाकडे वेगळं पाहायला लागली असशील, म्हणजे पेपरात बाबांचं नाव चुकीचं छापलं, किंवा घरात कोण कोण येऊन काय काय विचारून गेलं अन् आईनं कोणाला उत्तर दिलं कोणाला नाही, तर ते दोन-तीन वाक्यांत लिही आणि पुढं तू काय शोधलं त्याच्यावर ये. लिहिताना रडू आलं तर थांब, उठ, त्या दिवशी लिहू नको. आणि लिहायचं नसंल तर एक अक्षर लिहू नको, तुझ्या स्टेटमेंटमधे काहीही कमी पडणार नाही. कठीण परिस्थिती त्यांना कळवायचीच असंल तर यूकॅसमधे शाळेनं द्यायचं रेफरन्स असते, त्यात सरांनाच लिहू दे, त्यांना एवढं वाटते तर.

यूट्यूब चॅनेल आहे, ९० सबस्क्रायबर. सांगायची लाज वाटते.

आकडा लिहूच नका. काय बनवलं अन् कुठं फसलं ते लिहा. एका पोरीनं संत्र्याच्या बागेतल्या गळतीवर व्हिडिओ केला होता, वरुडकडची होती, कॉमेंटमधे शेतकऱ्यांनी तिची औषधाची माहिती चूक आहे म्हणून झापलं. तिनं व्हिडिओ काढला, दुरुस्त करून परत टाकला. तिच्या आख्ख्या स्टेटमेंटमधे तेवढंच वाचण्यासारखं होतं, आणि ते तिनं शेवटच्या ओळीत टाकलं होतं!

इंग्रजी कच्चं आहे. मराठीत लिहून गूगलवर फिरवू का?

मराठीत लिहा, हो, अगदी घरच्या भाषेत, मले तुले करून लिहा. विचार त्याच भाषेत येतात ना. पण इंग्रजी मग स्वतः करा, छोट्या छोट्या वाक्यांत. मशीन 'वावर', 'वखरणी', 'वेचा' याचं काय करंल सांगता येत नाही. साधं इंग्रजी चालते. चुकीचं स्पेलिंग कोणाकडून तरी तपासून घ्या.

जास्त धोका इंग्रजीच्या सरांपासून आहे (सर, माफ करा). ते प्रेमानं तुमचं वाक्य घेतात आणि त्यात जडजड शब्द भरतात, मग अठरा वर्षांची पोरगी पन्नाशीच्या माणसासारखी बोलायला लागते.

एक नमुना देते, फ्लेक्सच्या दुकानात काम करणाऱ्या पोराचा, त्याला विचारून. आधी असं होतं: 'फोटोग्राफी ही माझी पॅशन आहे. एक फोटो हजार शब्दांचं काम करतो. फोटोच्या माध्यमातून समाजात परिवर्तन घडवणे हे माझे ध्येय आहे.'

दोन तास बोलल्यावर असं झालं: 'आमच्या चौकात वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स एकाच दुकानात छापतात. मी तिथं दोन महिने काम केलं. एका आजोबांच्या श्रद्धांजलीसाठी घरात फोटोच नव्हता, आधार कार्डावरचा तेवढा होता. मी तो कापून मोठा केला, मागं निळं आभाळ टाकलं. त्याच दिवशी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसासाठी माझ्याकडे त्याचे साठ फोटो आले होते. कोणाचे फोटो आपोआप निघत राहतात आणि कोणाचा एकच निघतो, तोही सरकारी, हे मला तेव्हापासून दिसायला लागलं.'

यात पॅशन हा शब्द कुठं आहे का? नाही. पण दिसते ना.

चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर कळते का? आणि एक कन्सल्टन्सीवाले पैसे घेऊन लिहून देतात म्हणे.

यूकॅसमधे अर्ज पाठवताना तुम्हाला कबूल करावं लागते की हे माझं स्वतःचं आहे, कुठून उचललेलं नाही, एआयकडून आणलेलं नाही. पकडलं तर युनिव्हर्सिटीला कळवतात, मग तिचा निर्णय. प्रश्न काढायला, स्पेलिंग बघायला वापरलं तर वेगळं. पण मला विचाराल तर मोठी अडचण पकडण्याची नाहीच, त्याला तुमच्या काकाचं नख माहीत नाही, तो आपला भेगाळलेल्या जमिनीवरचा शेतकरीच लिहिणार.

कन्सल्टन्सीचं म्हणाल तर माझ्याकडे एकाच ठिकाणाहून लिहून आणलेली दोन स्टेटमेंटं आली होती, एक दिग्रसचा पोरगा, एक पुसदची पोरगी. दोघांनाही लहानपणी आजोबांच्या रेडिओनं प्रेरणा दिली होती. पोरीचे आजोबा तिच्या जन्माआधीच वारले होते.

गावाकडचे शब्द ठेवू का बदलू?

ठेवा, पण पहिल्यांदा आला की चार शब्दांत समजावून सांगा. मी लिहिलं होतं की बाबा आयुष्यभर जिनमधे काम करायचे. इंटरव्ह्यूच्या बाईनं फार हळू आवाजात विचारलं की घरी दारूमुळं काही त्रास होता का. मला आधी कळलंच नाही! तिला वाटलं जिन म्हणजे दारूचा कारखाना. मग मी सांगितलं कापसातून सरकी वेगळी काढायची मशीन असते ती. दोघी हसलो, पण ते पहिले पाच मिनिटं गेले ना वाया.

बारावी सायन्सला ५४ टक्के, वर्षभराचा गॅप. हे झाकू का?

झाकू नका, रडू पण नका. एका वाक्यात. 'नीटच्या तयारीत एक वर्ष गेलं, त्यात मला कळलं की मी बायोपेक्षा क्लासच्या जाहिरातीच जास्त वाचत होतो.' हे एकानं खरंच लिहिलं होतं, मला जाम आवडलं.

मीडिया स्टडीज, जर्नालिझम, फिल्म मेकिंग हे एकच ना?

अजिबात नाही, आणि इथंच लई जण आपटतात. मीडिया स्टडीजमधे वाचन, विश्लेषण, लिखाण जास्त. जर्नालिझममधे बातमी करायला शिकवतात. प्रॉडक्शनमधे कॅमेरा, साउंड, एडिटिंग. कोर्सच्या पानावर वर्षावार मॉड्यूलची, म्हणजे विषयांची, यादी असते ती उघडा, मोबाइलवर दिसत नसंल तर कॅफेत जा, आणि बघा की तुम्हाला खरंच त्यातलं काय शिकायचं आहे. ज्या कोर्समधे कॅमेरा हातात देतच नाहीत त्याला तुम्ही 'मला सिनेमॅटोग्राफर व्हायचं आहे' लिहिलं तर त्यांचा पण नाइलाज होते.

पाच कॉलेजांना पाच वेगळे लिहायचे?

यूकॅसमधे नाही. पाच चॉइस, सगळीकडे तेच एक स्टेटमेंट जाते, म्हणून त्यात एका युनिव्हर्सिटीचं नाव घेऊन तारीफ करू नका, बाकीच्या चार जणी वाचतातच. पाचही कोर्स साधारण एकाच प्रकारचे निवडा. एमएला मात्र बहुतेक ठिकाणी वेगवेगळं पाठवावं लागते, तिथं नाव घ्या, पण कॉपी-पेस्ट करताना आधीच्या युनिव्हर्सिटीचं नाव राहिलं का ते तीनदा बघा. मी स्वतः एकदा तसंच पाठवलं आहे. पुढं विचारू नका.

लिहायला कधी बसू?

यूकॅसची मुख्य तारीख जानेवारीत असते, २०२६ च्या प्रवेशाला १४ जानेवारी होती, तुमच्या वर्षाची साइटवर बघून घ्या. परदेशातल्या पोरांना त्यानंतर पण भरता येते, पण जागा भरतात आणि व्हिसा, पैसे यांना वेळ लागते. आपल्या हिशोबानं बोलायचं तर पोळा झाला की सुरू करा. दिवाळीपर्यंत मराठीतला कच्चा खर्डा झाला पाहिजे, कारण नंतर कापूस वेचायला, सोयाबीनच्या पैशाच्या मागं, तुमच्या हाताची घरात गरज पडते अन् अभ्यास तसाच राहते. मी तर तुरीच्या सोंगणीत इंग्रजी करून राहिली होती, वहीत काड्याकचरा.

कोणाला वाचायला देऊ?

दोघांना. एक असा ज्याला इंग्रजी येते. आणि दुसरी आई, किंवा आजी, किंवा शेजारची काकू, तिला मराठीत मोठ्यानं वाचून दाखवा. माझी आई काकाच्या फोटोचा परिच्छेद ऐकून म्हणाली, 'असं नव्हतं वं, तो आधी टोपी झटकून बसला होता.' ते मी नंतर घातलं. तेच वाक्य सगळ्यात चांगलं निघालं.

दहा जणांना देऊ नका, दहा जणांनी मीठ टाकलेली भाजी होते.

पाठवून झाल्यावर चूक दिसली. आता?

यूकॅसवर एकदा गेलं की स्टेटमेंट बदलता येत नाही. एखादं स्पेलिंग असंल तर सोडून द्या, त्यावरून कोणी नाकारत नाही. मोठं काही खोटं किंवा चुकीचं गेलं असंल, म्हणजे तारीख, मार्क, कोर्सचं नाव, तर सरळ युनिव्हर्सिटीच्या ॲडमिशन ऑफिसला मेल करा, दोन ओळीचा, माफीनामा नको. आणि मला स्क्रीनशॉट पाठवायचा असंल तर रात्री नऊच्या आत पाठवा, नंतर गावातली लाइन जाते अन् माझ्या फोनची बॅटरी पण.